पांढऱ्या पेशी आणि मामाचा मान

भावाच्या घराच्या गेटवर पाटी मी लावली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड मार्करने लिहिलं, ‘पेशंटला भेटायला येऊ नये. फोन करावा.’ खाली माझा नंबर. पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि वारा आला तरी हलणार नाही अशा बेताने तारेने बांधला.

विचुंब्यात अशी पाटी लावणं म्हणजे गावाशी भांडण उकरून काढणं. आमच्या आगरी घरांत माणूस आजारी पडला की भेटायला न जाणं हा अपमान, आणि आलेल्याला दारातून परत पाठवणं हा त्याच्याहून मोठा. संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे पोचली. आमचे धाकटे काका हातात स्टीलचा डबा घेऊन गेटबाहेर उभे राहिले आणि आजूबाजूच्या चार घरांना ऐकू जाईल असे बोलले.

“आमी काय रोग घेऊन हिंडतो काय गो? पनवेलला फ्लॅट काय घेतला, साहेबीण झाली. आमाला बोर्ड लावते.”

“काका, तुम्हाला नाही लावला. कोण सर्दी घेऊन येईल, कोणाच्या घरात कांजिण्या असतील, काय सांगावं? त्याच्या अंगात सध्या लढायला कोणी नाही.”

“लढाला आमी हाव ना!”

“डब्यात काय आहे?”

“चिंबोऱ्यांचा रस्सा. रक्त वाढतं.”

“नीट उकळलाय ना?”

“नाय, जित्त्या सोडल्यात. डबा उघड, चावतील तुला.”

डबा मी घेतला, त्यांना घेतलं नाही. ते पुढे बराच काळ माझ्याशी बोलत नव्हते.

मी जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रं सांभाळते. कुठला कंटेनर आला, कुठला सुटला, कुठला कस्टमने अडवला, याच्यावर माझा पगार चालतो. घरीही मी तशीच आहे. माझ्या मुलीचं म्हणणं असं, की मी मेल्यावरही वर जाऊन आधी गेटपास मागेन. भावाचं तसं नाही. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, भरावाच्या मातीचा धंदा, दोन डंपर, आणि थंडीभर गावोगावच्या क्रिकेटच्या टुर्नामेंटा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या त्याने आठवण आली तर घेतल्या. त्यात दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिसवर तो सुकत गेला. मग भावजयीने स्वतःची एक किडनी दिली.

ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं आणि चांगलं झालं. पहिल्याच दिवशी लघवी सुरू झाली, तेव्हा भावजय आपल्या खाटेवर टाके सांभाळत हसली होती. “माझ्या माहेरची हाय,” ती म्हणाली, “कामाला वाघ.”

काही महिने ठीक गेले. मग त्याला बारीक ताप येऊ लागला, पोटात मुरडा, जेवण नको. तपासण्यांतून निघालं की एक विषाणू जागा झाला आहे. डॉक्टरबाईंनी समजावलं की हा विषाणू बहुतेकांच्या अंगात लहानपणापासून असतो आणि निपचित पडून राहतो. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्यांनी शरीराचा पहारा ढिला होतो, आणि हा उठतो.

“कुठून आला मंग?” भावजयीने विचारलं.

“त्याचा स्वतःचाच असेल. किंवा तुमच्या किडनीबरोबर गेला असेल.”

“म्हंजे मीच दिला?”

“तुम्ही किडनी दिलीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बाकीचं कोणाच्या हातात नसतं.”

भावजयीने मान हलवली, आणि तिचा हात साडीवरून कुशीच्या व्रणावर गेला.

विषाणूविरुद्धच्या गोळ्या सुरू झाल्या. गुलाबी, लांबट. गोळी मोडायची नाही, कुटायची नाही, मोडलेली हाताला लागली तर साबणाने धुवायचं, पोटुशी बाई घरात असेल तर तिने शिवायचंही नाही, असं औषधाच्या दुकानातल्या माणसाने सांगितलं. तेव्हाच माझ्या मनात आलं, जी वस्तू हातात धरायची भीती, ती हा रोज गिळणार. पण ताप उतरला. मुरडा थांबला. जेवायला लागला. आम्ही म्हटलं, सुटलो.

पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी निम्म्यावर आल्या होत्या. त्याच्या पुढच्या तपासणीत आणखी खाली. हिमोग्लोबिनही घसरलं, पण डॉक्टरबाईंना त्याची तेवढी काळजी नव्हती. पांढऱ्या पेशींच्या आकड्याखाली त्यांनी पेनाने रेघ मारली.

मी विचारलं, “विषाणू वाढला म्हणून?”

“विषाणूनेही होतं. पण हे बहुतेक औषधाचं आहे.” त्या दमलेल्या होत्या तरी त्यांनी नीट सांगितलं. विषाणू स्वतःच्या नकला काढून वाढतो. हे औषध त्या नकला काढण्याच्या कामात मोडता घालतं. पण आपल्या हाडांच्या आत, मज्जेत, तेच काम अहोरात्र चालू असतं. रक्तातल्या पेशी थोडे दिवस जगतात, म्हणून मज्जा सारख्या नव्या पेशी बनवत राहते. औषधाला विषाणू कुठला आणि मज्जा कुठली, हे पुरतं ओळखता येत नाही. जिथे भराभर नकला निघतात तिथे ते घुसतं.

मला ते लगेच समजलं. यार्डात एखादा चोरीचा कंटेनर आत आल्याची खबर लागली की मेन गेट बंद करतात. चोराचा ट्रेलर अडतो, आणि त्याच्यामागे आपले सगळे अडतात. गेट किती वेळ बंद ठेवायचं, एवढंच ठरवायचं असतं.

“मग गोळी बंद करा,” भाऊ म्हणाला.

“बंद केली तर विषाणू उठेल. तुमच्या आतड्यांत जाईल, डोळ्यांत जाईल, किडनीत जाईल.”

“आणि चालू ठेवली तर?”

“तर साधा जंतूही तुम्हाला आडवा करेल.”

भावाने माझ्याकडे बघितलं. “वा,” तो म्हणाला. “दोन्ही टीम त्यांच्याच.”

डॉक्टरबाईंनी डोस कमी केला. किडनी टिकवणाऱ्या गोळ्यांपैकी एक पेशी खाली आणते, तीही अर्धी केली. शिवाय पेशी वाढवायची इंजेक्शनं दिली, पोटाच्या कातडीत टोचायची. भावजय ती शिकली. इंजेक्शन दिलं की दुसऱ्या दिवशी त्याच्या कमरेची आणि मांड्यांची हाडं आतून ठणकायची. तो खाटेच्या कडेला बसून दात आवळायचा. आकडा थोडा चढायचा आणि पुन्हा घसरायचा.

घरासाठी मी नियम केले. मास्क. पाणी उकळून. दही बंद, कापून ठेवलेली फळं बंद, कोशिंबीर बंद. घरात ताजी फुलं नाहीत, कुंड्या बाहेर. मातीत जायचं नाही. हे शेवटचं मातीच्या धंद्यातल्या माणसाला सांगताना मला बरं वाटलं नाही. ताप आला तर क्रोसीन देऊन वाट बघायची नाही, सरळ गाडी काढायची. हे सगळं फ्रिजवर लावलं, आणि पाटी गेटवर.

अशात माझ्या मुलीचं लग्न आलं.

तारीख ऑपरेशनच्या आधीच धरलेली. मुलाकडचे उरणकडचे, मोऱ्याच्या बंदरात त्यांच्या बोटी, माणसं चांगली. पुढे ढकलायचं म्हटलं तर त्यांच्याकडेही आजोबा आजारी, त्यांना नातवाचं लग्न बघायचं होतं. आमच्यात नवरीला मांडवात मामा आणतो. तिचा हात धरून तोच तिला पाटावर उभी करतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी राहतो. धवलारीण, म्हणजे लग्नातली गाणी म्हणत विधी करणारी आमची बाई, मामाचं नाव घेऊन गाते. सख्खा मामा हयात असताना दुसऱ्याने उभं राहणं हे आमच्यात बरं मानत नाहीत. लोक विचारतात, मामा कुठे गेला? आणि प्रत्येकाला उत्तर द्यावं लागतं.

मला लोकांचं काही नव्हतं. मी चुलतभावाला तयार करून ठेवलं. भावाला सांगायला गेले तेव्हा तोंडाला मास्क लावून आम्ही दोघं ओटीवर बसलो होतो.

“तू व्हिडिओ कॉलवर बघ. मोठा टीव्ही जोडून देते.”

“टीव्हीवर? भाचीचा लगीन काय मॅच हाय?”

“चारशे माणसं येतील रे. जेवणावळ, फुलं, गुलाल, लहान पोरं.”

“एकच भाची हाय मना. ती जलमली तवा पयला मी घेतला हातात. तुजा नवरा पन माज्यानंतर.”

हे खरं होतं. माझा नवरा तेव्हा जहाजावर होता.

“डॉक्टर काय म्हणतात ते बघू,” मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी सरळ नाही म्हटलं नाही. पेशी एका पातळीच्या वर आल्या आणि तिथे टिकल्या, तर लग्नाच्या विधीपुरतं जायला हरकत नाही, मास्क लावून, जेवणावळीत न बसता. हळदीला नाही. त्यांनी ती पातळी सांगितली. भावाने ती अशी ऐकली जशी शेवटच्या ओव्हरला किती रन हवेत ते ऐकतात.

आणि पेशी वर आल्या. लग्नाच्या आधीच्या आठवड्यात रिपोर्ट आला तेव्हा मी यार्डात होते. फोनवर आकडा वाचला आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला उगाच चहा पाजला. पुढचा रिपोर्ट त्याहून चांगला. भावजयीने फोनवर सांगितलं, “ताय, तोंडावर बी तेज आयलाय.” डॉक्टरबाईंनाही बरं वाटलं. इंजेक्शनांना मज्जेने साथ दिली असावी, त्या म्हणाल्या.

लग्नाला तो आला. आकाशी सदरा, फेटा, आणि फेट्याखाली मास्क, त्यामुळे फक्त डोळे दिसत होते. चालताना भाचीने त्याला धरलं होतं की त्याने भाचीला, ते ओळखता येत नव्हतं. काका पुढे आले, हात वर करून दोन पावलांवर थांबले आणि म्हणाले, “लांबूनच बघतो रे बाबा, तुजी भन बोर्ड लावंल माज्यावर.” तो हसला. मंगलाष्टकं संपेपर्यंत उभा राहिला. धवलारणीने मामाचं नाव गाण्यात घेतलं. मग मी त्याला मागच्या दाराने काढून गाडीत बसवलं. ठरल्याप्रमाणे सगळं झालं होतं.

चौथ्या दिवशी ताप आला. मुलगी सासरहून पहिल्यांदा घरी यायची होती, त्या सकाळी. मला वाटलं लग्नातून काहीतरी चिकटलं. गाडी काढली. वाटेत त्याला दोनदा शौचाला थांबावं लागलं आणि दुसऱ्यांदा भावजयीने मला गाडीबाहेर बोलावून हळूच सांगितलं, रक्त पडतंय.

दाखल केलं. रक्त घेतलं, दुर्बिणीने आतडं तपासलं. पेशी चांगल्या होत्या, लग्नातला कुठलाही जंतू सापडला नाही. विषाणू मात्र एवढा वाढला होता की डॉक्टरबाईंनी तपासणी पुन्हा करायला लावली. दुसऱ्या रिपोर्टनंतर त्या खाटेपाशी खुर्ची ओढून बसल्या.

“गोळ्या नियमित चालू होत्या?”

“हो,” मी म्हटलं. गोळ्यांच्या डब्या मीच भरत होते, दर आठवड्याला रिकाम्या परत येत होत्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या भावाकडे बघत राहिल्या. भावाने भिंतीकडे तोंड केलं. मग भावजयीने त्याच्या पायावर हात ठेवला आणि विचारलं, “अवो. काय केलंत तुमी?”

“गुलाबी नाय घेतली,” तो म्हणाला.

“किती दिवस?”

“आधी एक दिवस आड. मंग बंदच.” तो डॉक्टरबाईंकडे वळला, “बाई तुमीच बोल्ल्या, त्या गोळीनं पेशी पडतात. मना पेशी पायजे व्हत्या.”

कोणीच त्याला ओरडलं नाही. ओरडायला त्याचं काय चुकलं होतं तेही धड सांगता आलं नसतं. डॉक्टरबाईंनी आम्हाला गणित समजावलं होतं आणि त्याने ते सोडवलं होतं. औषध नाही, म्हणून मज्जा मोकळी, म्हणून आकडा वर. आम्ही ज्या आकड्यावर आनंदलो, तो विषाणूला मोकळं रान मिळाल्याचा आकडा होता. फक्त विषाणूचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि पेशींचा त्याच दिवशी येतो.

तेच औषध शिरेतून सुरू झालं. पेशी पुन्हा कोसळल्या, या वेळी आधीपेक्षा खाली. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाताना गाऊन, टोपी, हातमोजे. तोंडाच्या आतून फोड आले, पाणी गिळताना डोळ्यांत पाणी. इंजेक्शनांना मज्जेने आता दाद दिली नाही. आणि एवढं करून विषाणू हटायला तयार नव्हता. अर्धवट औषध मिळालं की विषाणू कधीकधी निर्ढावतो, तसं झालं असावं, डॉक्टरबाई म्हणाल्या. नक्की सांगणारी तपासणी बाहेर पाठवली होती, पण तिची वाट बघण्याएवढा वेळ नव्हता.

त्यांनी आम्हा दोघींना बाहेरच्या बाकावर बोलावलं.

“दुसरं एक औषध आहे. ते मज्जेला फारसा धक्का लावत नाही. पेशी सावरतील.”

“मग द्या,” मी म्हटलं.

“ते किडनीवर जातं.”

मी पिशवीतून पेन काढलं होतं, ते हातातच राहिलं. मी विचारलं, किती जातं, किती वेळात, वाचायची शक्यता किती, आधी पाणी चढवून उपयोग होतो का, डोस कमी केला तर काय. त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. पाणी चढवू, रोज बघू, पण ही किडनी आधीच दुखावलेली आहे, टिकेल असं मी म्हणू शकत नाही. पहिलंच औषध चालू ठेवलं तर मज्जा साफ बसेल, आणि मग एखादा ताप असा येईल की तो आवरणार नाही.

भावजय ऐकत होती. तिचा उजवा हात साडीवरून कुशीच्या व्रणावर होता. तिला ती सवयच झाली होती.

“त्यांना विचारावं लागेल,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “ते शुद्धीत आहेत.”

गाऊन चढवून आम्ही आत गेलो. डॉक्टरबाईंनी त्याला परत सगळं सांगितलं. त्याला बोलायला त्रास होत होता, फोडांमुळे शब्द सुजलेले यायचे.

“नको,” तो म्हणाला.

“काय नको?” भावजयीने विचारलं.

“दुसरा औषध नको. तुजी हाय ती.”

“माझी कशी? दिली तवाच तुमची झाली.”

“पोट फाडून दिलीस. मी ती गोळ्या न खाऊन घालवू? लोकांना काय तोंड दाखवू?”

“लोकांना काय दाखवायचंय? लोकांसाठी दिली काय मी?” तिचा आवाज चढला. मास्कमुळे तिचे डोळे तेवढे दिसत होते आणि ते रडत नव्हते, चिडले होते. “मी किडनीला वाचवाला नाय ऑपरेशन केलं. तुमाला वाचवाला केलं. ती जाऊ दे कुठं जायची ती. माणूस ठेवा.” मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. “लिवा बाई. मी सांगते. द्या तो औषध.”

डॉक्टरबाईंनी त्याला पुन्हा विचारलं. त्याने डोळे मिटून मान हलवली, हो अशी.

औषध सुरू झालं. पहिले काही दिवस मी लघवीची पिशवी बघत होते, कारण दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. पेशी सावरल्या. तोंडातले फोड सुकले. तो चमच्याने पेज घेऊ लागला. ताप उतरला, आतडं शांत झालं, विषाणूचा आकडा खाली येत गेला. आणि पिशवीतली लघवी रोज थोडी कमी. पाय सुजले, मग चेहरा. डॉक्टरबाईंनी औषध थांबवलं तेव्हा विषाणू गेला होता आणि किडनीही.

मुलगी सासरहून आली तेव्हा तिने विचारलं, लग्नात काही लागलं का मामाला? मी तिला सगळं सांगितलं. भावजयीचं म्हणणं होतं सांगू नये. पण दुसरं कोणीतरी अर्धं सांगणार आणि अर्धं मनाने जोडणार, त्यापेक्षा मी पूर्ण सांगितलं. तिने मला विचारलं, “मी त्याला नको म्हणायला हवं होतं का?” मी म्हटलं, “तू म्हटली असतीस तर त्याने ऐकलं असतं का?” ती रडली आणि मी तिला रडू दिलं.

किडनी आतच आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्रास देत नाही तोवर काढायची नाही, आणखी एक ऑपरेशन सोसवणार नाही. तेव्हा भावजयीची एक किडनी तिच्या अंगात काम करते आणि एक त्याच्या अंगात नुसती असते. तो आठवड्यातून तीनदा पनवेललाच डायलिसिसला जातो. पांढऱ्या पेशी आता माझ्या असतील तेवढ्याच, अगदी नेमक्या. किडनी टिकवण्याच्या गोळ्या आता जवळपास नाहीतच, टिकवायला काही उरलं नाही. डंपर विकले.

परवा सोडायला मी गेले होते. हातात दोन जाड सुया, मशीन चालू, भावजय शेजारच्या स्टुलावर वाटाणे सोलत बसलेली. तो छताकडे बघत होता. मग हात न हलवता फक्त मान वळवून तिला म्हणाला, “तुला परत देता आली असती तर.”

“गप पडा,” ती म्हणाली, वाटाण्यावरून नजर न काढता. “हलू नका. सुई निघंल.”